हॉलंड मास्तर आणि गोलातली जागा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. बुलढाण्याहून मिळेल ती गाडी धरून पिंपळगाव राजाला उतरले, तर चौकात फ्लेक्स आधीच लागलेला. माणूस अजून घरात, ओसरीवर झोपवलेला, आणि श्रद्धांजली चौकात! फ्लेक्सवर हात जोडलेले शिक्षणसंस्थेचे अध्यक्षसाहेब चांगले पुरुषभर उंचीचे, आणि माझा भाऊ खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावर असतो तेवढा. ज्या माणसाने माझ्या भावाला मैदानाबाहेर काढलं, तोच त्याच्या मरणाला सगळ्यांत आधी हजर. मला रडू नंतर आलं, आधी राग आला. महिना उलटला तरी तो गेलेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना कडू बोलू नये म्हणतात... बोलू नये तर नये, मी बोलणार आहे.

दादा फुटबॉल शिकला तो आमच्या वावरात. कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, पराट्यांची वाळकी झाडं उपटली, की काळ्या रानात पोट्ट्यांचा खेळ सुरू व्हायचा. पण उपटूनही खुंट राहायचेच. चेंडू लांब मारला की खुंटावर जाऊन फुटणार हे ठरलेलं. म्हणून दादा चेंडू लांब मारायचाच नाही. जवळच्याला द्यायचा, पुढे सरकायचा, परत घ्यायचा. पुढे नागपूरला एका कार्यालयाच्या संघात मधल्या फळीत खेळला तेव्हा लोक विचारायचे, एवढा हलका पास कुठे शिकलास? तो म्हणायचा, "पराटीच्या खुंटायनं शिकवला."

हॉलंड हे नाव त्याला गावाने दिलं. शेजाऱ्यांकडे गावातला पहिला टीव्ही आला, काळापांढरा. त्यावर त्याने हॉलंडच्या संघाचा सामना पाहिला आणि वेडाच झाला. मागचा खेळाडू पुढे जातोय, पुढचा मागे येतोय, कुणाची जागा म्हणून ठरलेली नाही! त्यांचा सदरा केशरी असतो हे शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, तर पठ्ठ्याने पळसाची फुलं उकळून त्यात बनियन बुडवली. आई बडबड बडबडली. ती बनियन घालून तो गावभर हिंडला आणि जन्मभराचा हॉलंड झाला. नागपुरात गुडघा गेला, खेळणं संपलं, आणि तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेने त्याला शाळेत प्रशिक्षक म्हणून घेतलं, तेव्हा तो हॉलंड मास्तर झाला.

मास्तरांचा एकच कायदा होता. शिट्टी झाली की जागा बदलायची. पुढचा मागे, मागचा मध्ये, आणि गोलात प्रत्येकाने पाळीपाळीने उभं राहायचं. आता आपल्याकडे गोलात कोणाला उभं करतात हे मी काय सांगू! ज्याला धावता येत नाही, ज्याला कुणी घेत नाही, त्याला. त्यामुळे आईबाप भांडायला यायचे. दादा त्यांना ओसरीवर बसवून चहा पाजायचा आणि म्हणायचा, "गोलात उभं राह्यल्याशिवाय पोट्ट्याले समजत नाही, मागच्यावर काय बीतते थे."

संस्थेचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेला त्या वर्षी संघात अध्यक्षसाहेबांचा मुलगा होता. पाळी त्याची आली, आणि दादाने त्याला गोलात उभं केलं. शामियान्यात अध्यक्षसाहेब सगळे सोयरे घेऊन बसलेले, अंगावर कडक इस्त्री, आणि लेक गोलात! सामना आपण जिंकलो हे मुद्दाम सांगते. त्या मुलाने एक गोल आडवा पडून अडवला, तो स्वतः हरखून गेला होता, धावत येऊन दादाच्या गळ्यात पडला होता. पण बापाला काही ते दिसलं नाही. पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं, एवढंच दिसलं. पुढच्या सोमवारी दादा मैदानावर गेला तर फाटकाला नवं कुलूप. ना कागद, ना कारण. चौकीदार बिचारा खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमाले आत सोडू नको म्हणते साहेब."

मी त्या दिवशी माहेरी होते. मी म्हटलं, दादा, कोर्टात जा, पेपरात दे, निदान त्या माणसाच्या दारात जाऊन चार शिव्या तरी घाल. दादा भाकर खात होता. म्हणाला, "सुमे, मैदान त्याईचं हाये, वावर आपलं हाये." आणि दुसऱ्या दिवशीपासून गावातल्या मुली जमवून वावरात शिकवायला लागला. तो माफ करून मोकळा झाला. त्याच्या वाट्याचा राग मात्र मी सांभाळला, लोणचं मुरवतात तसा.

परवा तो उपयोगी पडला. अध्यक्षसाहेबांनी दादाच्या नावाने सामना ठेवला, त्याच मैदानावर. एका बाजूला संस्थेचा संघ, त्यात सचिव झालेला त्यांचा तोच मुलगा, आता पोट सुटलेला, पायात कोरे पांढरे बूट, पुढच्या फळीत. दुसऱ्या बाजूला दादाच्या वावरातल्या मुली. त्यांची कर्णधार प्रज्ञा, आता दवाखान्यात नर्स आहे, रजा काढून आली होती. अध्यक्षसाहेब माईकवर गहिवरले. सर म्हणजे आमच्या घरचेच, म्हणाले. सरांच्याच शिकवणीनं हे मैदान चालेल, म्हणाले. मग माझ्यापुढे माईक आला, दोन शब्द बोला ताई. मी दोनच बोलले. "साहेब म्हणतात तसंच होऊ द्या. दादाचा कायदा लावा."

प्रज्ञाला सांगावं लागलं नाही. ती पंचांकडे गेली, म्हणाली, "सरायचा सामना हाये, जागा बदला लागतीन." माणसं टाळ्या वाजवायला लागली. जुने विद्यार्थी तर उभेच राहिले. नाही म्हणणार कोण? शिट्टीमागून शिट्टी झाली आणि फिरत फिरत सचिवसाहेब गोलात आले. मग आमच्या मुलींनी जे केलं ते मी डोळे भरून पाहिलं. चेंडू जवळच्याला, पुढे, परत जवळच्याला, आणि जाळ्यात. पुन्हा. पुन्हा. पांढरे बूट मातीने काळे झाले. अध्यक्षसाहेब खुर्चीतून उठून ओरडले, "त्याले काऊन उभं केलं बे गोलात? काढा त्याले!"

त्यांच्यासमोरचा माईक चालूच होता. साऱ्या मैदानाने ऐकलं. दादाला का काढलं हे ज्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं, त्यांना त्या घडीला कळलं.

आणि मुलगा? तो गोलातून हलला नाही. बापाकडे बघत म्हणाला, "बाबा, पाळी माही हाये. तुमी बसा." मला त्याचाही सूड हवा होता, खोटं कशाला बोलू. तेवढा तो माझ्या हातून गेला.

संध्याकाळी दादाच्या घरी आले. वहिनी म्हणाली, संस्थेचा माणूस दादाचा फोटो मागायला आला होता, कार्यालयात लावायला. "म्या सांगतलं, देत नाही." महिन्यात पहिल्यांदा ती हसली. मग ताटं घेतली. दादाच्या घरात जेवतानाही कुणाची जागा ठरलेली नसे, रोज सरकून बसायचं, आज चुलीशी तर उद्या दाराशी. इतर घरांत माणूस गेला की त्याचा पाट रिकामा दिसतो. इथे तो कुठे बसायचा म्हणून बोट दाखवायलाही जागा नाही. मी उभीच राहिले. शेवटी वहिनी म्हणाली, "सुमनताई, काल तुमी चुलीपाशी होत्या. आज दाराशी बसा."

मी दाराशी बसले.