मी जुळवलेली पत्रिका

शेंगदाण्याची पोळी तव्यावर पडली, की त्या खमंग वासाबरोबर मी कानडी मुलखात, उणकलला, बहिणीच्या तळ्याकाठच्या नव्या घरी जाऊन पोचतो. तिथे एका रविवारी दुपारी मी खोटं बोललो. भाचीला एक मुलगा मनापासून आवडला होता, पण बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पत्रिका जुळल्याशिवाय होकार देणार नव्हते. आणि घरात पत्रिका पाहणारा मी. मुलाकडून ती ई-मेलने माझ्या नव्या स्मार्टफोनवर आली. मजकूर दिसला, पण खाली जोडलेली पत्रिका काही उघडेना. दाबलं की पडदा नुसता पांढरा. रेंज मिळावी म्हणून गच्चीवर गेलो, तळ्याच्या वाऱ्यात हात उंच करून उभा राहिलो. मागोमाग दाजी आले. "मेहुणे, एवढा महागाचा फोन घेतलात तो वारा घालायला काय?" जिन्यात भाची उभी होती, हात पोळ्यांच्या कणकेने भरलेले. "मामा, लगूना हेळ्री," ती कानडीत पुटपुटली, लवकर सांगा म्हणून. तिचा चेहरा पाहिला आणि त्या कोऱ्या पडद्याकडे बघत मी म्हणालो, "सव्वीस गुण जुळतात." "आणि मंगळ?" दाजींनी विचारलं. "नावालाही नाही." भाचीने कणकेच्या हातांनीच मला मिठी मारली. लग्न झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या दोघांत जरा कुरबूर झाली, की मला तो कोरा पडदा आठवायचा. आता त्यांचं हसणं फाटकापर्यंत ऐकू येतं, आणि दाजी येईल त्याला सांगतात, "पत्रिका पाहावी ती आमच्या मेहुण्यांनीच." दाजी, ती पत्रिका मी अजून पाहिलेली नाही, आणि आता पाहायचा धीरही होत नाही.