बाळाकाकांनी गॅस्केट दिली नाही

मला गॅस्केट द्यायला नकार देणारा माणूस आज सकाळी गेला.

बाळाकाका. कट्टा गावच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. माझे नात्याने कोणी नाहीत.

घरी येऊन काही सुचेना, म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायला आमची जुनी डिझेल गाडी, आणि ड्रायव्हर मी.

एका बुधवारी घर दिसत असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला. बॉनेटमधून वाफ.

हेड गॅस्केट गेली होती. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड. त्याच्या खाली पत्र्याचा एक पातळ थर असतो. तो फाटला की पाणी ऑइलमध्ये आणि गाडी जागेवर.

आमचा मेकॅनिक मिठबावचा, कुणकेश्वरच्या जत्रेसाठी घरी गेलेला. रिक्षा, टेम्पो सगळे जत्रेच्या भाड्याला. शुक्रवारसाठी कोणी हो म्हणेना.

नवरा जहाजावर, इंजिन रूममध्ये. त्याने व्हिडिओ कॉलवर सांगत सांगत माझ्याकडून हेड खोलून घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पाना धरला होता.

गुरुवारी त्याची यादी घेऊन एसटीने कट्ट्याला गेले.

“काकानू, हेड गॅस्केट होयी. बोल्ट नको, जुनेच घालतंय.”

“जुनी गॅस्केट खंय?”

“फेकलंय.”

“आणि हेड?”

“घराक.”

“मगे मी देवचंय नाय.”

समोर रॅकवर माझ्याच गाडीचे बॉक्स दिसत होते! काका समजावत होते. एकाच गॅस्केटच्या तीन जाड्या असतात, जुनीच्या कडेची भोकं मोजून नवी निवडायची. बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत. हेड वाकलंय का ते आधी बघायचं.

मला फक्त उद्याचा शुक्रवार ऐकू येत होता.

चरफडत घरी आले. माडाच्या मुळात फेकलेली गॅस्केट उचलली, हेड गोणपाटात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि पुन्हा एसटी. ड्रेसभर काळं ऑइल.

काकांनी हेड काउंटरवर उलटं ठेवलं आणि त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली.

“बघ.”

पट्टीखालून उजेड येत होता. हेड वाकलं होतं. कुडाळला मशीनवर घासून आणायला हवं, आणि तिथलं वर्कशॉप शनिवारी उघडणार.

मी काउंटरवर हात आपटला. “तशीच द्या! माझ्या सासवेक काय झाला तर ता तुमच्यार!”

“घाल माझ्यार,” काका म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नाही. “पण ह्या हेडार गॅस्केट बसवलंस तर गाडी वाटेत उकळतली. सासूक घेवन रस्त्यार बसतलंस?”

मी भर बाजारात रडले. घरी येईपर्यंत त्यांना मनात येतील त्या शिव्या दिल्या.

सासूबाईंचे पाय सुजलेले. आडवं झालं की धाप लागायची. “जावंदे गो, एक दिवस चुकलो तर काय जाता?” त्या म्हणाल्या. काय जातं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी दारात हॉर्न वाजला.

नारळाचा टेम्पो, आणि स्टिअरिंगवर बाळाकाका. टेम्पो कोणाचा, कसा मिळवला, देव जाणे.

मी धावत बाहेर आले.

“माझ्यार घातलंस मा? मगे माका येवकच होया. चल, सासूक पुढे बसव.”

शनिवारी हेड घासून आलं. रविवारी काकांनी मोजूनमापून गॅस्केट निवडली, बोल्ट नवे काढले आणि आमच्या दारासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले. “खयच्या मागे खयचो बोल्ट, ता मी सांगतंय. घट्ट तू कर.” क्रम त्यांचा, पाना माझ्या हातात.

सोमवारी सासूबाई आमच्याच गाडीतून गेल्या. त्या अजून आहेत. गाडी त्यानंतर एकदाही तापली नाही.

आज सकाळी काकींचा फोन आला. काकांच्या छातीत कळ, घामाने चिंब. जवळची गाडी माझीच.

काकींच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांना मागच्या सीटवर झोपवलं आणि ओरोसचा रस्ता धरला.

अर्ध्या वाटेत काका एकदाच बोलले.

“काटो बघ गो.”

“मध्यावर आसा, काकानू. बरोबर मध्यावर.”

मागून उत्तर आलं नाही. मग काकींचा आवाज आला. तो मला इथे लिहिता येणार नाही.

गाडी कुठेच थांबली नाही, काका. चढावरसुद्धा काटा हलला नाही. तुम्ही निवडलेली गॅस्केट, तुम्ही दिलेले बोल्ट, सगळं जागेवर होतं. तरी मी वेळेत पोचले नाही.

त्या दिवशी ओरडायला समोर तुम्ही होतात. “घाल माझ्यार” म्हणालात, आणि मी घातलं.

शेवटचा नमस्कार, काका.

ह्या आता मी कोणार घालू?