सरूबाई पाण्यात उतरली

हळद शिजवायचे दिवस, अंगणभर वाळवण पसरलेलं, आणि अशा ऐन घाईत मी कुरुंद्याहून बोट बघायला निघालो. निघालो कसला, निघावं लागलं. माझा धाकटा साडू नामदेव याचं आमच्याकडच्या गोरेगावात वेल्डिंगचं दुकान. लोखंडी गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणाऱ्या या गृहस्थाने सिद्धेश्वर धरणात प्रवासी फिरवायला चक्क दुमजली बोट बांधली होती. माझी बायको सुमन महिनाभर त्याचंच कौतुक करत होती. यंदा माझ्या हळदीला उजवा रंग आला होता, पण त्याबद्दल तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं.

वसमतला एसटी बदलली. औंढ्याच्या स्टँडवर गरम भजी घेतली, तर सुमनने त्यातली अर्धी पुडी नामदेवरावांसाठी बांधून ठेवली. पुढे जीप धरली आणि डोंगर लागला. पळस फुलला होता. एका वळणावर डोंगर बाजूला सरले आणि एवढं पाणी दिसलं, की विहिरीवर शेती करणारा माझ्यासारखा माणूस जीपबाहेर मान काढून बघू लागला.

बोट बेढब असावी अशी माझी मनापासून इच्छा होती. ती देखणी निघाली. खाली हवाबंद पिंपं, वर दोन्ही मजल्यांवर जुन्या एसटीची बाकं, कठड्याला ट्रकच्या ट्यूबा आणि आंब्याचं तोरण. नामदेव सांध्यांवर डांबराचा शेवटचा हात फिरवत होता. पुढच्या बाजूला ओल्या रंगात नाव होतं, ‘सरूबाई’. म्हणजे आमच्या सासूबाई! नामदेव म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. मी दर दिवाळीला त्यांना लुगडं नेतो, पण लुगड्यावर नाव कुठून घालणार?

दुपारी पंगत बसली. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाचं कालवण). चव उत्तम होती, हेही मला सहन झालं नाही.

मग ओंडक्यांवरून बोट सरकवायला सारे भिडले. मीही खांदा लावला. ती पाण्यात गेली, एकदा डुलली आणि सरळ उभी राहिली. आता नारळ. थोरला जावई म्हणून मान माझा, असं धरून मी टोपी नीट केली. नामदेवाने नारळ सासूबाईंच्या हाती दिला.

मी तडक बाभळीखाली जाऊन बसलो. जावई रुसला की चार माणसं रुसवा काढायला येतात, अशी आपली रीत. नामदेवाने बोटीतून हाक मारली, “साडूभाऊ, या की.” मी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या हाकेला उठायचं ठरवलं होतं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि माझी बायको, सासू-सासरे, सगळं गोत घेऊन सरूबाई निघाली. काठावर मी आणि जाळं विणणारा एक म्हातारा कोळी उरलो.

“तुमी न्हाई गेले?” त्याने विचारलं. पाण्याची तकलीफ होते, असं मी सांगितलं.

बोट मधोमध गेली आणि इंजिन बंद पडलं. नामदेवाची फजिती व्हावी असं सकाळपासून मनात होतं, ती समोर होत होती. पण सुमनला पोहता येत नाही. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. पोहता मलाही येत नाही. म्हातारा जाळ्यावरून नजर न काढता म्हणाला, “नवं हाय. दम खाऊन राहिलं.” खरोखर थोड्या वेळाने इंजिन धडधडलं आणि बोट काठाला आली. सुमन हसत उतरली. माझ्या ओल्या धोतराकडे तिने पाहिलं.

परतीच्या एसटीत वसमत मागे पडल्यावर तिने विचारलं, “काहून न्हाई आले बोटीत?”

वाळवणाची काळजी होती, असं मी पुटपुटलो.

“मी मपल्याशेजारची (माझ्या शेजारची) जागा धरून बसले व्हते. माय म्हणली, मी बसू का? तिलाबी न्हाई बसू दिलं.”

म्हणजे सारी फेरी ती जागा तिच्याशेजारी रिकामीच फिरून आली. कुरुंदा येईपर्यंत मला नामदेवाची आठवणसुद्धा झाली नाही. हेवा वाटत होता तो त्या जागेचा.