उंदीर, लिव्हर आणि लिमये सर

आमच्या जुन्या लॅबमधली माणसं कुठे लग्नाकार्यात भेटली, की पंगत उठते पण आम्ही उठत नाही. एकाने लिमये सरांचं नाव काढलं की दुसऱ्याला दुसरं काही आठवतं, आणि वाढपी आमच्याकडे रागाने बघत सतरंज्या गुंडाळायला लागतात. माणूसच तसा होता. स्वतःच्या सावलीला सुद्धा आधी नाव-गाव विचारेल!

आणीबाणी नुकतीच उठली होती. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. सलीम अत्तार रिसर्च करत होता आणि लिमये सर त्याचे गाइड. सरांची सही झाली तर सलीमची डिग्री, नाहीतर सगळी मेहनत गोदावरीत.

सर कँटीनचं काही खात नसत. घरून मऊ भाताचा डबा आणत, तोही कुलपाच्या कपाटात ठेवत. त्या वर्षी तर त्यांनी लॅबमध्ये काळा गॉगल लावायला सुरुवात केली. आपण कोणावर नजर ठेवून आहोत ते कळू नये म्हणून, असं आमचं सर्वांचं एकमत झालं.

* * *

सलीमचा विषय होता लिव्हर. त्याचा थोरला भाऊ युसूफभाई सातपूरला कारखान्यात मशीनचे पार्ट धुवायचा, गोडसर वासाच्या एका सॉल्व्हंटमध्ये. त्याला कावीळ झाली, बरी झाली, परत झाली. घरात कमावता तोच.

लिव्हरच्या पेशी अंगात आलेलं विष फोडून बाहेर घालवतात. पण हे सॉल्व्हंट इतकं हरामी, की फोडलं की जास्तच विषारी होतं. पेशी मरतात. थोड्या मेल्या तर लिव्हर नव्या तयार करतं. पण तोच वास वर्षानुवर्षं रोज नाकात जात राहिला, तर जखमेवर व्रण, व्रणावर व्रण, आणि लिव्हर सुक्या खोबऱ्यासारखं कडक होतं. उंदरांना तेच सॉल्व्हंट टोचायचं आणि काविळीवर गावोगाव देतात त्या भुईआवळ्याच्या अर्काने हे थांबतं का, ते सलीमला बघायचं होतं.

भावाचं कळलं तेव्हा सरांनी त्याला उभं केलं आणि सांगितलं, "ज्याला निकाल हवासा वाटतो, त्याच्या हातात मी सिरिंज देत नाही." त्या दिवसापासून इंजेक्शनं द्यायचं काम माझ्याकडे आलं.

* * *

भुईआवळा आणायला आम्ही कॉलेजच्या पांढऱ्या जीपने पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर गेलो. सलीमच्या हातात चिमटे-कात्र्यांची स्टीलची पेटी. पहिल्या पाड्यावर पोचलो तर चिटपाखरू नाही! चुली पेटलेल्या, भात शिजतोय, आणि माणसं गायब.

एका दारात म्हातारी बसली होती. आम्ही तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं, "गडी कोनी नाय घरी. जे व्हते त्यांचं मागल्या साली झालं."

आम्हाला नसबंदीवाले समजली होती. काविळीचा पाला पाहिजे म्हटल्यावर तिने बांध दाखवला, पण आधी सलीमला एक पान तिच्यासमोर चावून खायला लावलं. परत आल्यावर हे ऐकून सर पहिल्यांदाच कोणावर खूश झाले. बाई हुशार आहे म्हणाले, अशी माणसं लॅबमध्ये पाहिजेत.

* * *

म्हातारीचा गुण सरांनी लगेच उचलला. अर्काची नवी बाटली तयार झाली की ते ग्लासात थोडा ओतून सलीमपुढे सरकवत. "आधी तू पी." मग घड्याळाकडे बघत बसत. सलीमचं तोंड कारल्यासारखं व्हायचं. बाहेर येऊन तो मला म्हणायचा, "ताई, उंदरांचं माहीत नाही, माझं लिव्हर मात्र ठणठणीत होणार."

* * *

पहिला निकाल झकास आला. नुसतं विष दिलेल्या उंदरांचं लिव्हर खराब, अर्कही दिलेल्यांचं बरंच शाबूत. सलीम पेढे आणायला निघाला, तर सरांनी अडवलं. इतकं चांगलं खरं नसतं, म्हणाले.

सगळे पिंजरे त्यांनी स्वतःच्या केबिनमध्ये हलवले. महिनाभर तिथेच ठेवून प्रयोग परत करायचं ठरलं. दाराची किल्ली एकच, आणि ती सरांच्या जानव्याला. इंजेक्शनापुरते उंदीर सर स्वतः बाहेर आणून मला देत.

या खेपेला दोन्ही गटांतले उंदीर टुणटुणीत! सरांनी जाहीर केलं, "तुझं औषध म्हणजे पाणी आहे, अत्तार." सलीमने वही मिटली. मला त्याची फार दया आली, आणि रागही आला. मी विचारलं की औषध राहू द्या, पण नुसतं विष दिलेले उंदीर आजारी का पडले नाहीत?

"कोणीतरी चोरून त्यांना औषध पाजलंय."

सलीम खाली मान घालून म्हणाला, "सर, किल्ली तर तुमच्या जानव्याला आहे."

मग सरांना स्वतःचाच संशय यायला लागला. आपण झोपेत चालतो का, असं त्यांनी घरी बायकोला विचारल्याचं आम्हाला कळलं.

* * *

चोर मला सापडला. पिंजरे न्यायला केबिनमध्ये गेले तर गोडसर वास. चोरीला जाईल म्हणून सॉल्व्हंटचा कॅन सरांनी कित्येक वर्षं आपल्या खुर्चीमागच्या कपाटात ठेवला होता, आणि त्याचं झाकण झिजलेलं. सरांना वास येतच नव्हता, रोज तिथे बसून नाक मेलं होतं.

पिंजरे त्या कपाटालाच टेकून होते. उंदरांना रोज थोडी थोडी वाफ मिळत गेली आणि लिव्हर आधीच सावध झालं. विष फोडणारं यंत्र मंदावलं, नव्या पेशी तयार व्हायला लागल्या. मोठा डोस आला तेव्हा गडी तयारीत होते.

"म्हणजे चोर मीच," एवढंच सर बोलले. मग त्यांनी आधी कॅनकडे बघितलं, नंतर आपल्या खुर्चीकडे.

* * *

पिंजरे जुन्या खोलीत गेले, तिसऱ्यांदा प्रयोग झाला. अर्काने व्रण पूर्ण थांबले नव्हते, पण स्पष्ट कमी होते. सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि सलीमच्या थिसिसवर सही केली. सलीमचे डोळे भरून आले. युसूफभाईला अर्क देऊ का, असं त्याने भीतभीत विचारलं.

सर कडाडले. उंदरांवर दिसलंय, माणसावर नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणत्याही माणसाला थेंब द्यायचा नाही, आणि आधी भावाला त्या कामावरून काढ.

मग मला म्हणाले, "गांगुर्डेबाई, दार लावा."

दार लावून मी वळले तर सरांनी गॉगल काढला होता. डोळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. त्यांनी खणातून अर्काची उरलेली बाटली काढली, ग्लास काठोकाठ भरला आणि सलीमपुढे सरकवला.

"आधी तू पी."

सलीमने घोट घेतला. सर नेहमीसारखे घड्याळाकडे बघत बसले. मग ग्लास ओढून घेतला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.