एक नाव राहिलंय

तो कोसोवोहून न्युरेम्बर्गच्या आमच्या ऑफिसात आला, तेव्हा त्याचा देश जेमतेम माझ्या तिसरीतल्या मुलीच्या वयाचा होता. आमचं सॉफ्टवेअर तिकडे प्रिश्टिनात बनायचं आणि हा इथे बसून ते काम सांभाळायचा. एखादी गोष्ट पटली की टेबलावर दोन बोटं वाजवून जर्मनमध्ये म्हणायचा, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. पण कुणी 'तिकडची टीम' म्हटलं, की लगेच टोकायचा, "सहा माणसं आहेत ती."

एकदा डेमो झकास झाला. बॉसनी त्याची पाठ थोपटली, तर या पठ्ठ्यानं व्हिडिओ कॉलवर त्या सहाही जणांना एकेक करून नाव सांगायला लावलं. पाच जणांचं झालं आणि स्क्रीन अडकली.

"आल्झो — तर मग — पुढे जाऊ या," बॉस म्हणाले.

"एक नाव राहिलंय," असं म्हणून तो उभाच राहिला. नाइलाजाने सगळे थांबले.

अखेर एक मुलगी दिसली, तिने लाजत नाव सांगितलं आणि पहिली टाळी मी वाजवली. पुण्यात पाच वर्षं मीही अशाच स्क्रीनपलीकडे बसायचो. तेव्हा इकडच्यांसाठी माझं नाव होतं 'ऑफशोअर टीम'.