विमानाने खाल्लेले पाय

अख्ख्या अक्ताऊ शहरात उल्तुगनइतकं भरभर कोणी चालत नसे, आणि चालता चालता तिच्याइतकं नाकही कोणी मुरडत नसे. समुद्राला मेल्या माशांचा वास, जिन्याला मांजरांचा, शेजाऱ्यांना त्यांचा स्वतःचा. पळण्यावाचून बाईला गत्यंतरच नव्हतं!

तिच्या या चालीसाठीच मुलाने, येर्मेकने, देशाच्या पार दुसऱ्या टोकावरून, ओस्केमेनहून फोन केला. नातू सांझार पाऊल टाकू लागला होता. आता रिवाजाप्रमाणे त्याच्या पायांत काळा-पांढरा दोरा बांधायचा, कोणीतरी तो कापायचा आणि बाळाचा हात धरून तरातरा चालायचं. कापणाऱ्याची चाल बाळाला लागते.

"अपा, तूच ये. नाहीतर आमच्या सासूबाई सुरी परजूनच बसल्यात."

सासूबाई म्हणजे विहीण कामशात. "ती? तिची चाल लागली तर पोर आयुष्यभर लोकांच्या घरात नाक खुपसत फिरेल! थू! गाडीचं तिकीट काढ."

"गाडीला चार दिवस लागतात, अपा. अडीच हजार किलोमीटर! विमानाने साडेतीन तास."

"साडेतीन तासांत घोड्याचं मांस धड शिजत नाही, माणूस काय पोचणार?"

पण पोचायचं तर होतंच. विमानतळावर तिला बूट काढायला लावले. "माझ्या मोज्यांत काय रणगाडा आहे?" तिने विचारलं. विमानात पायाखाली कुणीतरी सांडलेलं सरबत चिकचिकत होतं. ते पाहताच तिने पाय वर घेतले आणि जेवणाच्या दस्तरखानाशी बसावं तशी सीटवर मांडी ठोकली.

शेजारच्या तरुणापुढे तिने कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, बाउरसाकांची पिशवी धरली. "घे रे. कुणाचा तू? कुठल्या घराण्यातला?"

"नको, आजी. तेलकट खात नाही मी," म्हणत त्याने कानांत गाणी ऐकायची बोंडं कोंबली.

"मांडीला मांडी लावून बसलाय आणि बापाचं नाव सांगत नाही! शी!" गाडीत एव्हाना अख्ख्या डब्याच्या सात पिढ्या तिला पाठ झाल्या असत्या. इथे माणसं खोक्यातल्या अंड्यांसारखी गप्प. संडासाचं दार एकदा उघडलं, वास आला, आणि उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही असं तिने ठरवून टाकलं.

ओस्केमेनला उतरताना घोटे भाकरीएवढे सुजले होते. गुडघे तर सीटवरच राहिल्यासारखे. येर्मेकने तिला जवळजवळ उचलूनच घरात आणलं.

पाहुणे जमले होते. सांझार दोरा बांधलेल्या पायांनी डुलत उभा होता. उल्तुगनच्या हातात सुरी आली. तिने एक पाऊल टाकलं, दुसरं फरपटलं. बदकासारखी चाल, आणि ती लागणार या पोराला!

तिने खोलीभर नजर फिरवली. एक पाहुणा पोट सांभाळत उभा, दुसरी काठी टेकत. भिंगरीसारखी फिरत होती ती एकटी कामशात. ताटं ने, चहा आण, सगळीकडे नाक.

उल्तुगनचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं. "विहीणबाई, इकडे या. धरा ही."

"मी? अहो, तुम्ही एवढ्या लांबून..."

"धरा म्हणते ना! पुन्हा विनवणार नाही."

कामशातने दोरा कापला आणि बाळाला घेऊन सुटली. सांझारने चार पावलं टाकली, तिचा हात झटकला आणि किंचाळत थेट स्वयंपाकघरात शिरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बरं चालता हो तुम्ही," दातओठ खात उल्तुगन म्हणाली. "आता माझे पाय शेकायला तेवढं गरम पाण्याचं घमेलं आणा. पळत."