पालथा वीरगळ

'ऐतिहासिक गावात आपले सहर्ष स्वागत' असं आमच्या वेशीवरची नवी कमान सांगते. आमच्या कोळवणात फार्महाउस घेतलेले लोक तिच्याखाली फोटो काढतात. ती उभारणाऱ्या समितीत मी होतो. गावाचा इतिहास मात्र भैरोबाच्या देवळाच्या पायरीत पालथा पडलाय, आणि तो मीच पाडलाय.

देवळापुढे एक वीरगळ उभा होता, माझ्या कमरेएवढा. खालच्या कप्प्यात ढाल-तलवारीचा गडी आणि त्याच्या मागे पाच शेळ्या, मधल्यात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच. कळप वाचवताना मेला, एवढंच ठाऊक. नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही शेरडं-मेंढरंवाले त्याला आमचा म्हणायचो. वर्षाची पहिली शेळी व्याली की तिच्या दुधाची वाटी त्याच्या तोंडावर ओतायची, मगच घरात चहाला दूध. वडिलांनी हे कधी चुकवलं नाही. मी तर त्या पाच शेळ्यांवर बोट ठेवून मोजायला शिकलो.

मग गावातल्या जमिनी विकल्या गेल्या आणि देवळाला टाइल्स लावायची हुक्की आली. मी पिरंगुटला कंपनीत, चार बुकं शिकलेला, म्हणून देखरेख माझ्याकडे. शेवटच्या पायरीला दगड कमी पडला. कलशाचा मुहूर्त परवावर आलेला. गवंड्यानं वीरगळाकडे बोट दाखवून विचारलं, "हा बसंल. कुठली बाजू वर घेऊ?"

मी विचार केला. खरंच केला, त्याचीच चीड येते. कोरलेली बाजू वर आली तर लोकांचे पाय त्याच्या तोंडावर पडणार. म्हणालो, "पालथा घाल." वर त्याला नमस्कारही केला. 'हा दगड नको' एवढं म्हणायला मात्र जीभ रेटली नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!

वडील तेव्हा शेरडं घेऊन डोंगरापलीकडे होते. परत आले ते वाटी घेऊनच देवळात गेले.

"त्याचं तोंड कुटं हाय?"

"खाली."

"आन शेरडं?"

"तीपण खालीच."

त्यांनी पायरीकडे बघितलं. मग म्हणाले, "लई शिकलास तू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगड परत काढू या, असं समितीत बोललो. उत्तर आलं, "टाइल्स फुटतील. आन इतिहास कमानीवर लिवलाय की!" सगळे हसले. मीही हसलो, हे सांगायला लाज वाटते.

वडील अजून दर वर्षी वाटी घेऊन जातात आणि दूध पायरीवर ओततात. "फटीतनं जातंय खाली," म्हणतात, "त्याला पोचतंय." त्या फटी सिमेंटनं बुजवलेल्या आहेत, हे त्यांना सांगायची माझी छाती नाही. दूध तसंच पायरीवर साचतं. एकदा त्यावरून फार्महाउसच्या एक बाई घसरल्या, तेव्हापासून तिथे पाटी आहे: 'पायरीवर दूध सांडू नये.' अक्षर माझंच. वडिलांना वाचता येत नाही, ते एक बरं.

ते घराकडे वळले की मी फडकं घेऊन जातो आणि पायरी कोरडी करतो.